तक्त्यातून गाळलेली पहिली ओळ

महानगर, लखनौ
सोमवार, २२ सप्टेंबर, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं

ती. स्व. भास्करदादास,

मधुकरचा साष्टांग नमस्कार. (हा आता शब्दशः खरा समजावा. गेल्या वर्षीपर्यंत मी आडवा पडलो की पोट, जे आठ अंगांत धरलेलंच नाही, तेवढं जमिनीला टेकायचं आणि धरलेली अंगं हवेत राहायची.) इकडे सर्व ठीक. तिकडचं ठीक नाही, हे तुझ्या पत्रावरून कळलं. म्हणून पुढे वाचण्याआधी एक काम कर. ऊठ, आत जा आणि वहिनींना जेवायला वाढायला सांग. भाकरी, भाजी, भात, ताक, घरात असेल ते. चमचे मोजू नकोस. जेवून, हात धुऊन मगच चष्मा लाव. मी थांबतो.

जेवलास? तर ऐक. तुझं पत्र आज सकाळी दहा वीसला आलं. त्यात तू लिहितोस की मी जुलैत पाठवलेला आहाराचा तक्ता तू एकोणीस दिवस तंतोतंत पाळतो आहेस. दर पाव तासाने तीस मिलिलिटर पाणी, दुपारी तीन चमचे डाळ, संध्याकाळी दोन चमचे दही, आणि शुगरच्या गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच. आणि मंगळवारी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, सातव्या पायरीवर बसावं लागलं. वर लिहितोस, ‘मधूला जमलं ते थोरल्याला का जमू नये?’ हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहितो की उठतो. इथल्याच कपूरथला नावाच्या चौकापर्यंत दोनदा जाऊन आलो, काही न घेता. सुचित्रा म्हणाली, ‘अहो, कुकरची शिट्टी सकाळपासून तिसऱ्यांदा उघडताय, ती चांगली आहे.’ मला ठाऊक आहे ती चांगली आहे. हाताला काम हवं होतं.

दादा, तो तक्ता माझा नाही. तो इथल्या एका हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंचा आहे. मी तो माझ्या अक्षरात, पट्टीने रेघा मारून, लाल आणि निळ्या शाईत उतरवून काढला. एकही आकडा बदलला नाही. (उतरवण्यात माझी चूक कधीच नसते, हे तुला माहीत आहे.) फक्त सर्वांत वरची एक ओळ गाळली. ती ओळ अशी: ‘जठराच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांचा आहार.’ गेल्या आठ डिसेंबरला मी पोट कापून घेतलं. तुला कळवलं होतं की मोठ्या वजनकाट्याच्या दुरुस्तीला आठ दिवस डेहराडूनला चाललोय. डेहराडूनला मी गेलो नाही. घरापासून चार किलोमीटर आठशे मीटरवर होतो. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. तीन चमचे डाळ त्या नळीसाठी आहे. तुझं जठर अख्खं आहे. सोनाराच्या काट्याचं कोष्टक मी ट्रकच्या काट्याला लावून दिलं, आणि तेही सख्ख्या भावाच्या.

आता तू विचारशील, लपवलंस का? दादा, मी सातवीनंतर शाळा सोडली. विट्याच्या, सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांबरोबर एकोणिसाव्या वर्षी इथे चौक बाजारात आलो तेव्हा मला भट्टीवर बसवलं होतं. त्यांचे सोनं तोलायचे काटे बिघडले की मी उघडून बघायचो, इतकंच. कुणी शिकवलं नाही. आज पावरत्तीपासून साठ टनांपर्यंत कुठलाही काटा मी ठीक करतो आणि इंजिनियर लोक मला मास्टरजी म्हणतात. अशा माणसाला स्वतःचं वजन ठीक करता येईना. चालून पाहिलं, मेथीचं पाणी पाहिलं, रात्रीचं जेवण सोडलं, चौदा पुस्तकं वाचली (त्यांतल्या अकरांत एकच मजकूर होता). नऊ किलो उतरायचे आणि बारा चढायचे. शेवटी रात्री झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा सुचित्राने मला नेऊन सर्जनबाईंसमोर बसवलं. म्हणजे बिघाड माझा, आणि दुरुस्त दुसऱ्याने करायचा, तोही मी बेशुद्ध असताना, मला बघू न देता! हे मी कुणाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

तरी माझ्या परीने लक्ष घातलंच. पहिल्या दिवशी त्यांच्या काट्याने मला एकशे एकोणतीस किलो चारशे दाखवलं. पायाखाली पाट जरा डुगडुगल्याचं मला जाणवलं होतं. दुसऱ्या दिवशी शिक्का मारलेली वीस-वीस किलोची दोन वजनं स्कूटरवर घालून मी गेलो. दारावरच्या गार्डने विचारलं, ‘ये क्या है?’ म्हटलं, ‘चालीस किलो.’ तो म्हणाला, ‘मरीज का सामान ऊपर नहीं जाता.’ त्याच्याशी वीस मिनिटं गेली. काटा चाळीस किलोला चारशे चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता, म्हणजे माझं खरं वजन बरोबर एकशे अठ्ठावीस. मी तिथेच काटा उलटा करून स्क्रू फिरवला. सर्जनबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, ‘मास्टरजी, डेढ किलो से आपका ऑपरेशन नहीं टलेगा.’ हुशार बाई. पुढे चौदा दिवस पातळ पदार्थांवर ठेवलं, यकृत आकसावं म्हणून. तेराव्या दिवशी मी चौकातल्या शीरमालच्या (केशर-दुधातल्या गोडसर रोटीच्या) दुकानासमोर स्कूटरच्या आरशातून अकरा मिनिटं मागे पाहत उभा होतो. शेवटी दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, ‘जनाब, किसी का इंतज़ार है?’

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, कारण मला ते दाखवलं नाही. पाच छिद्रं आहेत. शुद्धीवर आल्यावर मी अंतरं मोजायला टेप मागितली, ती सिस्टरने दिली नाही.

घरी आल्यावर खरी मजा. वजन उतरत गेलं तसे लोक विचारायला लागले. महानगरातल्या आमच्या मराठी मंडळात बँकेचे, रेल्वेचे असे शिकलेले लोक आहेत. एरवी मला गणपतीत प्रसाद तोलायला बोलावतात. त्यांतले एक साहेब म्हणाले, ‘मधुकरराव, कसं केलंत हो हे?’ आणि दादा, माझ्या तोंडून निघून गेलं, ‘स्वतःच्या अभ्यासाने.’ पाच-सहा जणांनी खुर्च्या जवळ ओढल्या. माझ्यासाठी खुर्च्या ओढल्या गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ते वाक्य मला मागे घेता आलं नाही. पंधरा दिवसांनी तुझा फोन आला, तेव्हा ते पाठच झालं होतं.

त्याची शिक्षा मला जुलैतच मिळाली होती. बख्शी का तालाबजवळ राजेशभैयांचा धर्मकाँटा आहे (ट्रक तोलायच्या काट्याला इकडे असंच म्हणतात). तो ठीक करून दिल्यावर त्यांनी शाही टुकडा पुढे केला. ‘मास्टरजी, लीजिए ना, घर का है.’ मी एक म्हणालो, ते चार म्हणाले, दोनवर मिटलं. मला सांगून ठेवलं होतं की गोड खायचं नाही, नवं पोट ते सरळ पुढे ढकलून देतं. सातव्या मिनिटाला घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळा, पायांत त्राण नाही. समोर सावलीत काट्याचं लोखंडी पान होतं, त्यावरच आडवा झालो. केबिनमधून राजेशभैया ओरडले, ‘मास्टरजी, नब्बे किलो! काँटा एकदम सही है!’ तशा अवस्थेतही मला हाताने नाही नाही करावं लागलं. तो काटा दहाच्या पटीतच आकडा दाखवतो. मी त्या सकाळी एक्क्याण्णव किलो सहाशे होतो. त्यांना वाटलं मी मदत नको म्हणतोय, म्हणून ते चहा प्यायला गेले. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत उभे. आमचा समीर न्यायला आला तेव्हा गाडीत म्हणाला, ‘पापा, सच बोल देते तो दो टुकड़े नहीं खाने पड़ते.’ मराठीत बोल, म्हणून मी विषय बदलला. त्याच आठवड्यात तुला तक्ता पाठवला. यावरून तुझ्या भावाची अक्कल किती ग्रॅमची आहे ते तूच ठरव.

आता वजन सत्त्याऐंशी आहे. झोप लागते, जिना चढतो, चपलेचा पट्टा वाकून लावतो. केस गळाले, पोटाची कातडी लोंबते, गोळ्या जन्मभर घ्यायच्या. हे सगळं मी धरून चाललो होतो. एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती. माझं जेवण पाच मिनिटांत संपतं. आपण दोघे पंगतीत बसायचो तेव्हा वाढपी बदलायचे, आपण नाही. आता सगळे जेवत असतात आणि मी चमचा पुसत बसतो. मग उठतो, पंख्याचा खटका बघतो, नळाचा वायसर बघतो. दिवसातून तीन-चार वेळा असं होतं. एवढे वायसर घरात नाहीत.

पत्र लांबलं. सारांश लिहितो: आजपासून तक्ता बंद. तो फाडून टाक. (आधी फाड, मग हस.) उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरांकडे जा, इतके दिवस काय खाल्लंस ते खरं सांग आणि गोळ्यांचं ते सांगतील तसंच कर. माझं ऐकू नकोस. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
मधुकर

ता. क. तुझे सगळे रिपोर्ट पाठव. आमच्या सर्जनबाईंना दाखवतो. कापायचंच असं नाही, त्या आधी बघतात. दोन जणांना परतही पाठवलंय. तू ये, चारबाग स्टेशनला मी घ्यायला येतो. आणि लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहितो. तक्ता पाठवला तो सगळा फुशारकीने नव्हे. आपल्यासारखंच पाच मिनिटांत ताट संपवणारं शेजारी कुणीतरी असावं असं वाटलं होतं, आणि तुझ्याखेरीज कुणी डोळ्यांपुढे आलं नाही. तुला उपाशी ठेवून मी सोबत शोधत होतो. याबद्दल चार शिव्या दे, पण समोर येऊन दे.

ता. क. दुसरा. सुचित्राने पत्र वाचलं. म्हणाली, अक्षर छान आहे. पण हे पोचायला पाच दिवस लागणार, तोवर भाऊजींनी तीन चमचे डाळीवरच राहायचं का? मी म्हटलं, आपल्या दोघांत फोनवर फक्त तब्येत आणि पाऊस, खरं ते पत्रात, अशी रीत आहे. तिने नंबर लावून फोन माझ्या कानाला लावला.

ता. क. तिसरा. तेव्हा आता तुला सगळं माहीत आहे, तरी पत्र टाकतोच. फोनवर मी ते एका श्वासात बोललो आणि दोनदा हॅलो म्हटलं. मग मागून वहिनींनी विचारलं, ‘काय म्हणतायत भाऊजी?’ आणि तू म्हणालास, ‘काही नाही, पान वाढ.’ ते ऐकून मी सकाळपासून पहिल्यांदा स्वस्थ बसलो. पुढे तू आवाज बारीक करून विचारलंस, ‘दुखतं का रे?’, तेवढ्यात वहिनी जवळ आल्या असाव्यात, कारण तू लगेच पावसाबद्दल बोलायला लागलास. त्याचं उत्तर राहिलं, ते इथे देतो. दुखतं. पहिले दोन दिवस बरंच दुखतं, तिसऱ्या दिवशी कमी, आणि चौथ्या दिवशी खोकताना पोटाशी उशी धरावी लागते. उशी मी धरीन.