खाली वस्ती नाही

२१ जानेवारी २००४, वैशाखरे

बांध तपासायला मुरबाडच्या कचेरीतून साहेब आला. आजोबांनी घातलेला मातीचा बांध, मालकी आमची, म्हणून सगळं आबांनाच विचारत होता. टेप लावून उंची मोजली, पायथ्याचा पाझर बघितला. मला वाटलं, पाझरावरून ठरेल. तसं नाही! बांध फुटला तर खाली कोण मरेल, त्यावरून धोक्याचा वर्ग ठरतो. वस्ती असेल तर सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, रुंद करून दगडी बांधायचा. नसेल तर काही नको.

खाली प्रेमाचा पाडा. अकरा झोपड्या. पण दिवाळी झाली की सगळे वीटभट्टीवर जातात. दारांना काटक्या लावलेल्या, चुली गार. आबा म्हणाले, गुरांचे गोठे आहेत. साहेबाने माझ्याकडे बघितलं — तू शिकलेला दिसतोस, तू सांग.

प्रेमाला कोणी वेडंवाकडं बोललं म्हणून त्याचं नाक फोडलं, त्यात माझं कॉलेज सुटलं, आणि ही न सांगता भट्टीवर निघून गेली! तोच राग डोक्यात. म्हणालो, कोणी राहत नाही. साहेबाच्या कागदावर सहीपण केली.

२२ जानेवारी

आबा आज फार गोड बोलतायत.

६ मे

कागद आला. वर्ग — कमी धोका. आबांनी देवाच्या तसबिरीमागे ठेवला. मला जेवण गेलं नाही.

४ जून

पाडा परत आला. प्रेमा विहिरीवर भेटली. वाळलीय, हाताला विटांचे घट्टे. सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालेल. ती घागर घासत राहिली.

"पानी सांडव्याला लागला का आमी पोरांना घेऊन वर पलतो. दर साली. तुमचा बांध कसा हाय ते आमाला नको सांगू."

मग कायमचेच वर या की, म्हणालो.

"वर जागा कुनाची? तुमचीच ना."

गेली. वळून बघितलं नाही.

१० जून

खाली वस्ती आहे हे सांगायला मुरबाडच्या कचेरीत दुसरी खेप. कारकून म्हणतो, फेरतपासणी जानेवारीत. म्हणजे पाडा पुन्हा रिकामा असतानाच! टेबलावर हात आपटला. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं. एस.टी. चुकली, टोकावड्यापर्यंत टेम्पोने, पुढे पायी. घरी आबांकडे सांडव्याचा विषय काढला. त्यांनी तसबिरीकडे बोट दाखवलं.

भांडायचंही त्राण नाही आता.

१५ जून

आज बांधाखाली खरंच कोणी राहत नाही. अकराही झोपड्या आमच्या वरच्या वरकस माळावर, अगदी ओटीवरून दिसतील अशा. आबांना न विचारता पहिला खांब मी रोवला. आबा बोलत नाहीत माझ्याशी.

प्रेमा बोलली. "वाकडा रोवलास रं."