गिधाडांचं ताट

९ जानेवारी २००५, रविवार

आज पुन्हा तेच. आई दुपारभर खिडकीशी बसून कपाळावर हात धरून आभाळाकडे बघत होती. म्हणाली, "आपून त्यांचं ताट उचललं. मंग जातील न्हाय तर काय!"

गिधाडांबद्दल बोलते. आमच्या जांभूळ गावच्या माळावर मेलेलं ढोर पडलं की ती उतरायची. ढोर तिथवर ओढून न्यायचं काम आमच्या घराकडे – आण्णांकडे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आण्णांनी ते काम टाकलं. माझा जन्म त्याच सालचा. वडिलांना ढोर ओढताना मी कधी पाहिलं नाही. सोडल्याचा ताठा तेवढा पाहिला.

आता आभाळात एक गिधाड नाही. गावातला बाळाजी तिला नळावर बोलला होता – तुम्ही काम सोडलं, पाखरं उपाशी मेली. चेष्टाच असेल. ती मात्र ते उराशी धरून चिखलोलीला माझ्याकडे आली. छाती थकलीय, डॉक्टर फार आशा देत नाहीत.

१२ जानेवारी

ठरवलं. इतकी वर्षं गणिताच्या वर्गात फळ्यावर ससे आणि कोल्हे सोडतो. एक वाढला की दुसरा वाढतो, दुसरा वाढला की पहिला घटतो – दोघांची समीकरणं एकमेकांत अडकलेली. आता गिधाडं आणि गावची कुत्री मांडायची. दोघांचं अन्न एकच, मेलेली जनावरं. ते किती घटलं की गिधाडं संपतात, एवढंच काढायचं.

आण्णांचा दोष नसेल तर आईला ते ती असेपर्यंत कळलं पाहिजे. असेल तर? – पुढचं लिहवत नाही.

२० जानेवारी

प्रमोद आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. माझी समीकरणं तोच मशीनवर चालवून देतो. आज वैतागून म्हणाला, "सर, काय पण करा, तुमची गिधाडं मरायलाच तयार नाहीत."

अन्न निम्मं केलं, तरी ती हळूहळू ओसरतात. माणसाचं आयुष्य जावं इतका वेळ घेतात. खरी मात्र भराभर गेली. तीही आण्णांनी काम सोडल्यावर चाळीसेक वर्षांनी! मधली सगळी वर्षं कोणाचं खाऊन जगली?

२३ जानेवारी

जवळच्या कॅम्प तीन भागातल्या बाजारात रिक्षा अडकली. मटणाच्या दुकानांमागे कुत्र्यांची ही झुंबड. बघत बसलो.

अन्न घटलं असतं तर कुत्रीही घटली असती. ती तर वाढलीत! म्हणजे ताट भरलेलंच होतं. गिधाडं उपाशी मेली नाहीत. त्यांचा मृत्यूचा दरच कशानं तरी वाढवला.

घरी येऊन बुद्धवंदना केली. त्रिशरण मोठ्यानं म्हटलं.

२९ जानेवारी

काय ते सापडलं. प्रमोदनं इंटरनेटवरून एक शोधनिबंध काढून दिला. गुरांना दुखण्यावर देतात ते इंजेक्शन. जनावर मेलं तरी औषध मांसात राहतं. गिधाडानं खाल्लं की ते मरतं. कुत्र्याला काही होत नाही.

प्रमोद खूश. "केस सॉल्व्ह, सर." मी हसलो. घराचा जिना चढताना दादा आठवला. पायरीवरच बसलो.

३० जानेवारी

हरिचंद्रदादा. माझा थोरला भाऊ. गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर. आमच्या घरातली पहिली नोकरी. ज्या गोठ्यांच्या उंबऱ्याला आण्णांना शिवू दिलं नाही, तिथे लोक दादाला हाताला धरून आत न्यायचे – डॉक्टर, जरा बघा. आई तेव्हा दारात उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायची, माझा हरी मेलेलं ओढत न्हाय, जितं उठवतो.

सुया तोच टोचायचा. गावोगाव. दुखणाऱ्या मुक्या जीवांना.

५ फेब्रुवारी

डोळे मिटून बसलो की पंख ऐकू येतात. खिडकीत बघितलं. आभाळ रिकामं.

१३ फेब्रुवारी

आईचा श्वास आज फार लागला. आता नाही तर कधीच नाही, म्हणून जवळ बसलो. दादाचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं की आण्णांमुळे काही झालं नाही, गुरांच्या औषधानं गिधाडं मेली, गणितात स्वच्छ दिसतंय.

वाटलं होतं, ती या ओझ्यातून सुटेल. ती माझ्याकडे बघत राहिली. आश्चर्य नाही, काही नाही. मग म्हणाली, "तुजं गणित चुकलं."

मी समजवायला गेलो तर मनगट धरलं. अजून पकड आहे!

"आमच्यामुळंच गेली म्हणून लिव्ह. तुजा बाप आता काय ऐकाया येत न्हाय. हरीला यातलं बोलू नको."

२० फेब्रुवारी

पहाटे आई गेली.

२७ फेब्रुवारी

आईचं पुण्यानुमोदन झालं. माणसं पांगल्यावर दादानं विचारलं, गिधाडांचं शेवटी काय म्हणाली? मी म्हटलं, आण्णांनी काम सोडलं म्हणून गेली, असंच म्हणत होती.

दादानं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "इंजेक्शनाचं मी तिला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. रडलो होतो तिच्यापुढं. त्या दिवसापासून ती आण्णांचं नाव घ्यायला लागली."