कोऱ्या कापडाला पाणी

प्रिय करिष्मा बाय,

फोनवर तू बरी आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून आज कागद घेतला. तो काही मधेच कट होत नाही. सातवा लागलाय, पाय सुजले तर मीठ कमी कर. तुला कळतं सगळं, तरी मी सांगणार.

तुझ्या बाबांची गंमत ऐक. तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हा घरात तुझं नाव काढायचं नाही असं फर्मान त्यांनी सोडलं, आणि दोन वर्षं ते पाळणारे तेच एकटे. तुला दिवस गेल्याचं ठकुआत्याने सांगितलं तरी पेपरातून डोकं वर काढलं नाही. पण गेल्या आठवड्यात नारपोलीच्या कारखान्यात एका लूमवरचं पॉलिस्टर उतरवून सुती धाग्याचा बीम चढवला. कारागीर विचारायला लागले, शेठ, इसका गिऱ्हाईक कौन? ह्यांनी लूम सुरू करायला लावला. कापड घरी आणून माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, लंगोट शिव. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

शिवल्यावर एकावर पाणी टाकलं, तर थेंब गोळी होऊन घरंगळला. बाबांचा चेहरा उतरला. सूतवाल्याने फसवलं म्हणून त्याचा उद्धार केला. अगं, जन्मभर लूम चालवले, पण ह्यांचं कापड उतरलं की तसंच धुलाई-रंगाईला जातं. कोऱ्या कापडावर पाणी ओतायची वेळच कधी आली नव्हती.

मला तू कॉलेजात असताना ओट्याशी सांगितलेलं आठवलं. अळूच्या पानावर बारीक उंचवटे, त्यांवर मेण, मधल्या फटींत हवा, म्हणून थेंब पानाला नीट टेकतच नाही. कापसाच्या तंतूवरही जन्मापासून मेण असतं, ते काढलं की कापड पाणी पितं. हे सगळं मी त्यांना तुझं नाव घेऊन सांगितलं, मुद्दाम. त्यांनी ऐकून घेतलं.

मग धुण्याच्या सोड्यात लंगोट उकळायला स्वतः बसले. उकळायचे, वाळवायचे, बोटाने थेंब सोडून बघायचे. शेजारची गुणाबाई बघून गेली, तरी उठले नाहीत. तू तिथे सुरतेत रेनकोटच्या कापडाला पाणी लागू नये म्हणून लेप देतेस, आणि हे इथे पाणी लागावं म्हणून घाम गाळतायत. काल थेंब पडला तसा जिरला. मला हाक मारून दाखवलं, पानी पितंय गं, म्हणाले. मग डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता पत्र कशासाठी ते. तुला कुरियर करावेत म्हणून मी लंगोट बांधायला घेतले, तर त्यांनी हातातून काढून तुझ्या कपाटात ठेवले. म्हणाले, धाडतेस कशाला, हितंच लागतील. आणि जावईबापूंची उंची विचारून घ्यायला सांगितलंय, तुझ्या खोलीत नवा पलंग करायचाय. तेवढी लवकर कळव.

तुझीच, तुम्हा दोघांच्या मधे अडकलेली,
आई