ज्या बासनं तुमचं हाड मोडलं

बाबा, तुमच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. फरवानियातला आपला फ्लॅट आणि न्हाणीघरात तुम्ही द्राक्षाचा रस, साखर, यीस्ट घालून आंबवत ठेवलेलं ते निळं पिंप. कुवेतमध्ये दारू मिळत नाही म्हणून काय झालं, पेट्रोकेमिकलमधला इंजिनीअर घरातच कारखाना काढतो! आम्ही त्या पिंपाशेजारी अंघोळ करायचो आणि शुक्रवार, तुमचा सुट्टीचा आणि पिण्याचा दिवस, आला की धास्तावायचो.

त्या शुक्रवारी तुमचं लक्ष माझ्या भिंतीवरच्या पोस्टरकडे गेलं. आयर्लंडचा तो रॉक गायक. बास, म्हणजे चार जाड तारांची गिटार, वाजवणारे सहसा मागे उभे राहतात. हा मात्र ती गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे गायचा. गोऱ्यांच्या गल्लीत वाढलेला काळा पोरगा, जगभर गाजला. तिथल्याच हवल्ली भागातल्या दुकानात त्याची कॅसेट मिळाली आणि वर्गात ज्याला 'कालू' म्हणायचे तो मी त्याच्यावर जीव टाकून बसलो. एका गोवेकर वादकाकडून जुनी बासही मिळवली. "नशा करून तरणाताठा मेला हा! हाच तुझा देव?" असं ओरडत तुम्ही पोस्टर टराटरा फाडलंत. "मग तुम्ही काय पिताय?" मी विचारलं. तुम्ही माझं डोकं भिंतीवर आपटलंत. "अहो, मरेल तो!" म्हणत आई मध्ये पडली, तर तिचे केस धरून तिला ओट्यावर ढकललंत. तिच्या ओठातून रक्त येतंय, तुम्ही पुन्हा हात उचलताय, आणि मी बास दोन्ही हातांनी धरून फिरवतो. तुम्ही मटकन खाली बसता. मला थांबवत नाही; दुसरा फटका दारावर बसतो आणि बासचे दोन तुकडे होतात.

हॉस्पिटलमध्ये केरळी नर्सनं विचारलं, "कैसे हुआ?" खरं सांगितलं तर घरी पोलीस, मग ते पिंप, मग सगळ्यांची भारतात रवानगी. "बाथरूम में फिसल गया," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे बघत, "बेटे ने उठाया." पिंप वाचवायला बोललात की मला, ते मी कधी विचारलं नाही. पिणं तुम्ही सोडलं नाहीत, पण हात पुन्हा कुणावर उचलला नाहीत. काही वर्षांतच लिव्हरनं तुम्हाला नेलं.

त्या गायकाचा आता त्याच्या शहरात पुतळा आहे. त्यानं स्वतःची माती केली, बँड मोडला, तरी पोरं त्याची गाणी शिकतात, लोक त्याच्याविषयी मायेनं बोलतात. मला त्याचा राग येतो. गाणी मागे ठेवली की सगळं माफ, आणि तुमच्यासारख्यानं काय ठेवायचं?

यंदा कामासाठी तिकडे गेलो तेव्हा फुलं घेऊन त्या पुतळ्यापाशी गेलो. मी माफी मागायला हे लिहीत नाही. आईच्या ओठातून रक्त आलं तर आजही तोच फटका मारेन. पण फुलं ठेवताना माझ्या तोंडातून "बाबा" निघालं, आणि भर रस्त्यात मला रडू आवरेना. आईला हे सांगितलेलं नाही.