जुन्या वर्गासाठी एक ओळ

सोम., २ फेब्रु.
विघ्नेशने केबिनमध्ये बोलावलं. वय एकतीस, माझा मॅनेजर. "सार, शुक्रवारी एकच उत्तर द्या. रुग्णांच्या नोंदींचा सुशीलाबाईंचा जुना प्रोग्राम ठेवायचा की काढायचा?" नवा मी लिहिलाय, म्हणून निकालही मीच द्यायचा. जुना गेला की बाईंचं कंत्राट गेलं; निवृत्तीनंतर त्या त्याच्याच देखभालीला येतात. तमिळ मुलखातल्या एग्मोरच्या या ऑफिसात बाईंखेरीज माझ्याशी मराठी बोलणारं कोणी नाही. हा मुद्दा विघ्नेशच्या तक्त्यात बसत नाही.

मंगळ., ३
आम्ही प्रोग्राम लिहितो ती आर भाषा सोशिक. जुनी पद्धत नि नवी, दोन्ही एका घरात नांदवते. जुनीत माहितीच्या कुठल्याही वस्तूवर वर्गाचं, म्हणजे प्रकाराचं, नाव चिकटवलं की झाली ती त्या वर्गाची. कोणी विचारत नाही. नवीत आधी व्याख्या, रकाने, मग तपासणी. पासपोर्ट ऑफिसच.
आज मुद्दाम एका रिकाम्या यादीवर 'रुग्ण' चिकटवलं. बाईंच्या प्रोग्रामने बिनतक्रार सारांश छापला. माझ्या प्रोग्रामने तिला दारातूनच हाकललं.
म्हणजे उत्तर उघड आहे. पुण्याला लेकीला कळवलं, नवा प्रोग्राम जिंकला. तिने अंगठा पाठवला.

बुध., ४
जेवताना बाईंना सांगून टाकलं. त्यांची मराठी तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. त्यांना माझी उद्धट वाटते, मला त्यांची कीर्तनातली.
"अय्यो जोशीराव, त्यांत तोंड पाडायचें काय? काढा कीं तें."
"आणि तुमचं?"
"माझें काय? गुडघे सुखी होतील. तांबरमहून रोज कोण येईल?"
मनातून मी कंत्राट वाचवायला निघालेला महात्मा, आणि यांना सुटायचंय! मग वाचवायचं कोणाला होतं... जाऊ दे.

गुरु., ५
नव्या पद्धतीत एक सोय आहे. एका ओळीत जुन्या वर्गाची नोंद करायची. नवी त्याला ओळख देते, पोटात काय आहे ते न विचारता. लिहिली ती ओळ. दोन्ही प्रोग्राम गुण्यागोविंदाने चालले. 'ठेवा' म्हणायला कारण मिळालं, तेही तांत्रिक. विघ्नेश मान डोलावेल.
फक्त परवाचा तो रिकामा रुग्ण त्याच ओळीतून आत शिरला.
दुपारभर ती ओळ खोडली, परत लिहिली. पगार याचाच मिळतो.

शुक्र., ६
विघ्नेश टेबलापाशी. "सार, उत्तर?"
"एक चाचणी राहिलीय. सोमवारी देतो."
राहिलेली नाही.
तो गेल्यावर बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. हळूच म्हणाल्या, "कोणती चाचणी, जोशीराव? सगळ्या मीं कालच चालवून पाहिल्या."
मी ती ओळ स्क्रीनवर परत उघडली. त्या उठल्या नाहीत.