‘आलं’ की ‘आले’

कात्रज,
१२ जानेवारी २००४

ती. श्यामसुंदरदादांस,

न. वि. वि. (आरंभीचा ‘सा.’ गाळला आहे. मुद्रणदोष समजू नये.)

घडले ते क्रमाने मांडते, म्हणजे उत्तरात क्रम चुकवण्याची सोय राहणार नाही.

पहिली गोष्ट: दिवाळीत माझ्या कादंबरीचे हस्तलिखित मी सदाशिव पेठेत येऊन तुमच्या हाती दिले. दुसरी: आपल्या सलोनीने हिंजवडीची नोकरी सांभाळून, रविवारची झोप मोडून ते संगणकावर उतरवले. तिसरी: मुद्रिते तपासण्याचे तुम्ही पत्करलेत. ऱ्हस्वदीर्घ पाहावेत, वाक्यांना हात लावू नये, अशी विनंती मी केली होती आणि तुम्ही मान हलवली होती. चौथी: काल प्रकाशक आप्पासाहेबांनी शेवटची मुद्रिते माझ्याकडे धाडली. सोबत निरोप होता की प्राध्यापकसाहेबांची, म्हणजे तुमची, पसंती आली आहे, शनिवारी सलोनीने सीडी आणून दिली की छपाईला घेतो. पाचवी आणि शेवटची: मी पहिले पान उघडले आणि माझी नायिका मला तेथे सापडली नाही.

ती कोण होती हे तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. ती पेशवाईतली कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली बाई. दुष्काळात विकली गेलेली ही पोर कसब्यातल्या एका घरात वाढते. घर तिच्याविषयी वासराविषयी बोलावे तसे बोलते. ते उठलं, ते जेवलं, ते कामाला बरं आहे. जन्मभर हेच कानी पडल्यामुळे तीही स्वतःला तसेच म्हणते. मी उठलं. मी जेवलं. हाक आली की ‘आलं’. पुढे धनी तिला मोकळी करतो, तसा कागदही करून देतो; तरी दुसऱ्या दिवशी हाक येताच तिच्या तोंडून ‘आलं’च निघते. शेवटच्या पानावर बाईसाहेब पाणी भरायला हाक मारतात. ती आयुष्यात प्रथमच ‘आले’ म्हणते आणि हंड्याला हात न लावता पुढच्या दाराने निघून जाते. त्या एका मात्रेसाठी मी सात वर्षे लिहीत होते.

तुमच्या प्रतीत ती पहिल्या ओळीपासून ‘मी उठले, मी जेवले, मी आले’ म्हणते आहे. साहजिकच शेवटच्या पानावर काही घडतच नाही. एक बाई ‘आले’ म्हणते आणि बाहेर पडते. बहुधा कोथिंबीर आणायला.

शनिवारपूर्वी प्रत्येक रूप होते तसे व्हावे. लोभ असू द्यावा, हात लावू नये.

हेमा

▪

सदाशिव पेठ,
१४ जानेवारी २००४

चि. हेमास अनेक उत्तम आशीर्वाद. (सर्व ठेवले आहेत. मी विनाकारण काही गाळत नाही.)

तुझे पत्र पोचले. त्यात दोन विरामचिन्हे चुकली आहेत, ती समासात दुरुस्त करून पत्र जपून ठेवले आहे.

आता मुद्दा. निवेदनात ‘गेलं, झालं’ अशी बोलण्यातली रूपे लिहू नयेत, ‘गेले, झाले’ लिहावे. पात्राच्या तोंडी असतील तर चालतील. हा नियम मी घरी बसून केलेला नाही. तू आयुष्यभर इतिहास शिकवलास म्हणून व्याकरणातून सुटी मिळत नाही. तुझी कादंबरी म्हणजे निवेदन. मी नियम लावला. वाक्याला हात लावला नाही. शब्दाच्या शेवटी धूळ बसली होती ती झटकली.

शिवाय ‘आले’ हे रूप नपुंसकलिंगीही आहेच. मूल आले, वासरू आले. म्हणजे तुझी नायिका होती तेथेच आहे. वाचकाला ते दिसत नसेल तर वाचकाने डोळे तपासून घ्यावेत. आणि समज, कोणाला ती पहिल्या पानापासून बाई वाटलीच, तर त्यात तुझे काय बिघडले? जिला तू शेवटच्या पानापर्यंत गुराच्या पंक्तीत बसवलेस, तिला मी आरंभीच माणसात आणले. याबद्दल आभार मानायची पद्धत आहे.

तुझ्या शाळेतल्या पहिल्या निबंधापासून तुझी प्रत्येक ओळ मी तपासली आहे. वडील गेले तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि ‘पाऊस’ हा शब्द ऱ्हस्व उकाराने लिहीत होतीस, याची आठवण ठेव. कादंबरी बरी झाली आहे. ‘बरी’ हा शब्द मी तोलून वापरतो. छपाई शनिवारी होईल.

प्रकृतीस जपावे. लोभ आहेच, शुद्धलेखनाच्या तो आड येत नाही.

श्यामसुंदर

▪

हिंजवडी,
१५ जानेवारी २००४

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझ्याकडे ई-मेल नाही, म्हणून कॉलेजनंतर पहिल्यांदा हातानं पत्र लिहितेय. कंपनीची बस वाकडच्या पुलाखाली अडकलीय, त्यामुळे वेळ भरपूर आहे. अक्षर वाईट आलं तर बाबांना दाखवू नकोस.

तुझा फोन झाल्यावर मला जे वाटलं ते फोनवर बोलता येईना. ते सगळं मी केलंय गं. बाबा म्हणाले की शेवटी ‘लं’ असलेला प्रत्येक शब्द ‘ले’ करायचा, हातानं किती दिवस लागतील? मी म्हटलं, बाबा, एक छोटा प्रोग्राम लिहिते. चहा गाळून होईपर्यंत झालं. बाबा इतके खूश झाले की ऑफिसात मला कधी असं कौतुक मिळालं नाही. पूर्वी तू मोठ्यानं वाचायचीस आणि ते खुणा करायचे, ते सगळं आता लागणार नाही म्हणाले. मोठ्यानं वाचलं असतं तर पहिल्याच पानावर कानाला कळलं असतं, हे मला आत्ता सुचतंय.

तू म्हणालीस, उलटं कर. आत्या, उलटं होत नाही. मी करून बघितलं. ‘लोक आले’चं ‘लोक आलं’ झालं. ‘दिवे लावले’चं ‘दिवे लावलं’. शिपायांचे भाले होते ते ‘भालं’ झालं. एकदा दोन्ही सारखं दिसायला लागलं की मूळ कुठलं कुठलं, हे कॉम्प्युटरला सांगता येत नाही. आणि जुनी फाइल नाही. दोन प्रती घरात राहिल्या की घोळ होतो, जुनी पुसून टाक, असं बाबा म्हणाले आणि मी टाकली. मी टेस्टिंगमध्ये काम करते! जुनी व्हर्जन पुसणाऱ्याला आमच्याकडे हाकलून देतात. पण बाबांनी सांगितलं की माझा हात आपोआप चालतो. का, असं विचारायचं सुचतच नाही. विचारायचं असतं हेच तुझी कादंबरी टाईप करताना पहिल्यांदा डोक्यात आलं, आणि तरी मी तेच केलं.

काल रात्री जेवताना मी त्यांना सांगितलं की शनिवारी सीडी नेऊन देणार नाही. आत्या हो म्हणेपर्यंत नाही. ते पानावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त आईला म्हणाले की हिला भात वाढ, हिला भूक लागलेली दिसते. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत.

तुझं हस्तलिखित बाबांनी आप्पासाहेबांकडे पाठवलं होतं ना? ते जपून आण. बाकी मी आहे.

तुझी,
सलोनी

▪

सदाशिव पेठ,
१७ जानेवारी २००४

चि. हेमास आशीर्वाद. (या वेळी मोजून एकच.)

आज शनिवार. आप्पासाहेब सकाळपासून वाट पाहत होते. सीडी गेली नाही. सव्वीस वर्षे जी मुलगी मला उलट बोलली नाही, ती भर जेवणात नाही म्हणाली. तुझ्या नायिकेने पाणी भरले नाही इथवर ठीक होते. ती कागदावर आहे. माझ्या घरात तिची शाखा उघडण्याची परवानगी मी कोणाला दिल्याचे आठवत नाही. तू माझ्या मुलीला माझ्याविरुद्ध फितवलेस. हे मी शब्द तोलून लिहितो आहे.

तरीही मोठा भाऊ म्हणून तोडगा काढला आहे. पहिल्या पानावर तळटीप घालावी: ‘येथपासून निवेदिकेची क्रियारूपे नपुंसकलिंगी समजावीत.’ शेवटच्या पानावर दुसरी: ‘येथून पुढे स्त्रीलिंगी वाचावे.’ मजकूर मी तयार करून ठेवला आहे. नियमही राहतो आणि तुझा हट्टही. याहून न्याय्य तोडगा मला दिसत नाही, आणि मला दिसत नसेल तर तो नसावा.

माझ्या पसंतीवाचून आप्पासाहेब एक पानही छापणार नाहीत, हे तू जाणतेस. बासष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी घेऊन दुसरे दार कोण उघडणार, याचाही विचार करावास. उद्या सकाळी फोन करतो. दोन वाक्यांत मिटेल. तू नेहमी समजूतदार होतीस.

लोभ कमी झालेला नाही. तो मागण्याची तुझी रीत मात्र बिघडली आहे.

श्यामसुंदर

▪

कात्रज,
१९ जानेवारी २००४

ती. श्यामसुंदरदादांस नमस्कार.

काल सकाळी फोन वाजत होता. तो तुमचाच होता हे मला ठाऊक होते. मी समोर खुर्चीत बसून होते आणि उचलला नाही. का, ते पुढे येईल.

आधी तळटीप. एक बाई जन्मभर वासरू म्हणून जगते आणि एका सकाळी माणूस म्हणून दारातून बाहेर पडते. ते तुम्ही पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, तुमच्या सहीनिशी जाहीर करणार. ‘येथून पुढे स्त्रीलिंगी वाचावे.’ दादा, धन्याने तिला करून दिलेला कागद मी कादंबरीत रचला, तो इतका कोरडा लिहायला मला जमले नव्हते.

दुसरे. तिची रूपे बदललेलीच नाहीत असे तुमच्या पत्राच्या एका परिच्छेदात आहे, आणि तुम्ही तिला माणसात आणलेत असे त्याच परिच्छेदाच्या शेवटी आहे. यांपैकी एक खोडावे. दुसरे खरे असेल तर तोच माझा आक्षेप आहे. तुम्ही आणलेत. कोणी दिल्याने ती बाई होत नाही, म्हणून तर मोकळीक मिळाल्यावरही ती ‘आलं’ म्हणत राहते. तो शब्द तिने स्वतः उच्चारायचा होता. तिच्या आधी तुम्ही उच्चारलात, पहिल्या ओळीत, नियमाने. आणि निवेदन व पात्राचे तोंड यांतला भेद माझ्या कादंबरीत नाही. ते सगळे तिच्या तोंडचे आहे. तिला दुसरे काही नव्हते.

सलोनीला मी फितवले नाही. ती सव्वीस वर्षांत प्रथमच नाही म्हणाली. तुमची मुलगी आहे, त्यामुळे हिशेबाने बोलली: काय, कधी आणि कोणाचे हो येईपर्यंत, हे तिने नेमके सांगितले. तुम्ही तिच्या पानात भात वाढायला लावलात. माझ्या बाबतीत तुम्ही एवढेही कष्ट घेतले नव्हते. बी.ए. झाल्यावर मला दप्तरखान्यात जाऊन मोडी कागद वाचायचे होते. तुम्ही शाळेतल्या नोकरीचा अर्ज भरून आणलात, कोठे सही करायची तेथे पेन्सिलीने फुली केलीत, आणि मी फुलीवर सही केली. अर्जात एकही चूक नव्हती.

काल दुपारी मी आप्पासाहेबांकडे गेले. प्राध्यापकसाहेबांच्या पसंतीखेरीज आपण छापणार नाही, असे त्यांनी तीनदा सांगितले, आणि तिन्ही वेळा चहा मागवला. मी माझे हस्तलिखित मागून घेतले. दुसरे दार उघडेल की नाही हे मला ठाऊक नाही. बहुधा लवकर उघडणार नाही. तुमचे म्हणणे त्या बाबतीत बरोबर आहे. सलोनी दर रविवारी कात्रजला येणार आहे. मी मोठ्याने वाचणार, ती एकेक रूप हाताने दुरुस्त करणार. काल संध्याकाळी पहिली दहा पाने झाली. ‘मी उठलं’ हे माझ्या आवाजात ऐकून ती म्हणाली की आत्या, हे कानाला फार लागतं. लागावे म्हणूनच ते तसे आहे.

पुस्तकात तुमचे आभार असणार नाहीत. माझ्या चुका माझ्या राहतील, ‘पाउस’सुद्धा.

उरला एक प्रश्न. त्याचे उत्तर फोनवर नको. फोनवर तुमचा आवाज आला की माझे तोंड आपोआप उघडते, म्हणूनच काल उचलला नाही. मला ते कागदावर हवे, तुमच्या हातचे, तारखेसह. सोबतच्या पाकिटावर माझा पत्ता घालून तिकीट लावले आहे. लोभ ठेवायचा की नाही हे त्यानंतर दोघांनी ठरवू.

वयाच्या सातव्या वर्षापासून तुम्ही जे सांगाल त्याला मी हो म्हणत आले. या वाक्यातले शेवटचे रूप कोणत्या लिंगाचे समजावे, ते कृपया लेखी कळवावे.

हेमा