सेल्फ बसला की छबूला आणायचं

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. एकटं वाटतंय म्हणून नव्हे, कामाचं रेकॉर्ड राहावं म्हणून.

काम असं: आपल्या जुन्या नाकवाल्या ट्रकला सेल्फ बसवणे. अख्ख्या गेवराईत अशी गाडी दुसरी नाही. इंजिन मी स्वतः जमवलेलं. ब्लॉक परळीच्या राखेच्या ट्रकचा, हेड खडी क्रशरवरचं, फ्लायव्हील गोदाकाठच्या पंपाचं. तिघांना एका घरात नांदवलंय. कमी आहे ती फक्त सेल्फची, म्हणजे बटण दाबून इंजिन फिरवणाऱ्या मोटरची. धक्का मारला की लगेच उठते. हँडब्रेकही धरत नाही, पण मागच्या चाकाला दगड लावला की भागतं. दगड छबू लावते. लावायची.

छबू, म्हणजे आमची मंडळी, सध्या नेकनूरला भावाकडे. भाचीच्या लग्नातून निघताना सगळ्या वऱ्हाडासमोर, नव्या साडीत, तिला धक्का मारावा लागला. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. गाडी चालू झाली, मी थोडं पुढे जाऊन आरशात पाहिलं, तर ती तिथंच उभी. म्हणाली, "तुमी जवा गाडी एकट्यानं चालू करताल, तवा मला न्यायला या."

म्हणजे राग नाहीच. अट टेक्निकल आहे. आठवड्याचं काम.

७ फेब्रुवारी
कय्युमकडे गेलतो. हायवेला गॅरेज, जुनी दोस्ती. तो म्हणाला, अशा खिचडी इंजिनला सेल्फ बाजारातून उचलून बसत नाही. सेल्फच्या गरारीचे दात फ्लायव्हीलच्या रिंगच्या दातांत बसले पाहिजेत. "पयले रिंगचे दात मोजून आन. मंग सेल्फ मी हुडकतो."

हो म्हणालो. मोजायचं काय त्यात? नजर आहे आपली.

११ फेब्रुवारी
परळीच्या भंगारात सेल्फ मिळाला. चांगला वजनदार. बसवला, बटण दाबलं. आतून खोकल्यासारखा आवाज आला आणि बास. कय्युमनं त्यावरची पट्टी वाचून दाखवली: चोवीस व्होल्ट. माझी बॅटरी बाराची. मी म्हटलं, ते मला माहीत होतं, मी फक्त बोल्ट जुळतात का ते बघत होतो.

संध्याकाळी छबूचा फोन. जेवलात का, विचारत होती. मी व्होल्टचा प्रकार सविस्तर समजावला. बराच वेळ ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बरं." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, जेवलो नव्हतो.

१६ फेब्रुवारी
शेवटी दात मोजायला घेतले. पद्धत सोपी आहे. एकानं पुढून इंजिन हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून मोजायचं. दुसरा नव्हता. मीच फिरवायचो, मीच खाली शिरायचो, तोवर खडूची खूण कुठे गेली तेच कळायचं नाही. पहिल्यांदा एकशे एकतीस. नंतर एकशे सव्वीस. तिसऱ्या वेळी शेजारच्या सुंदरबाई विचारायला आल्या की छबूबाई कधी येणार. तो आकडा धरला नाही.

सरासरी काढली. अर्धा दात जास्त येत होता, तो सोडून दिला.

२ मार्च
कय्युमचा पहिला रोजा. त्याला आकडा दिला. कोणी मोजले, विचारत होता. आम्ही दोघांनी, असं सांगितलं. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण सेल्फ शोधतो म्हणाला.

दोघांनी हे तसं खोटं नाही. दोनदा मोजले होते.

९ मार्च
नवा सेल्फ बसवला. बाराचाच. बटण दाबलं आणि असा चर्र आवाज निघाला की गल्लीतली कुत्री उठून गेली. गरारीचे दोन दात गेले. कय्युम म्हणाला, तुझ्या आकड्यात गडबड आहे. आता रोजे चालू आहेत, ईद झाली की मी स्वतः खाली झोपतो, तू फिरव, दोन दिवसांत बसवू.

मी म्हटलं, ईद पाडव्यानंतर येते. पाडव्याला छबू घरी पाहिजे.

"दम धर बे, रामकिसन. कावून एवढी घाई?"

घाई नाही. घरात गुढी उभारायला काठी एकानं धरावी लागते, साडी दुसऱ्यानं बांधावी लागते. एवढंच.

२१ मार्च
कानस घेऊन गरारीचे दात स्वतः घासले. आता नीट बसतो. म्हणजे दहा वेळा दाबलं तर एकदा.

छबूचा फोन. मी म्हटलं, सेल्फ बसला, पाडव्याला येतोय. ती म्हणाली, "खरंच? बॅग भरून ठिवू का?" भर म्हटलं. फोन ठेवल्यावर सगळं घर झाडून काढलं. लई दिवसांनी झाडू सापडला.

२९ मार्च
दहातून एकदाही बसेना. गरारी नुसती फिरते.

पण आज मोठी आयडिया सुचली. गाडी बंदच केली नाही, तर चालू करायचा प्रश्न येतोच कुठे? ही गोष्ट कय्युमच्याही डोक्यात आली नाही.

३० मार्च, पाडवा, सकाळ
ट्रॅक्टरनं ओढून गाडी चालू केली. ट्रॅक्टर म्हणजे काही माणूस नव्हे, तेव्हा एकट्यानं चालू केली असं म्हणायला हरकत नाही. इस्त्रीचा सदरा. निघालो.

३० मार्च, संध्याकाळ
जेवणाच्या वेळेला नेकनूरला पोचलो. मेहुण्याच्या, शहादेवच्या दारात गुढी. गाडी समोर लावली, पाय ब्रेकवर. छबू बाहेर आली. तिची बॅग उंबऱ्याच्या आत दिसत होती. आधी ती गाडीमागे गेली, दगड शोधला, चाकाला लावला. मग खिडकीपाशी येऊन म्हणाली, "बंद करा अन् आत या. पुरणाचा सैपाक झालाय."

मी म्हटलं, इंजिन गरम आहे, चालूच राहू दे. तूच बस, निघू.

"सणाचं उपाशी निघत्यात का? दोन घास खाऊ अन् मंग जाऊ."

भूक नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बटणाकडे.

"सेल्फ बसलाय न्हवं?"

मी ॲक्सिलेटर दाबला. एवढ्या आवाजात उत्तर ऐकू गेलं नसतं, म्हणून दिलं नाही.

ती मागे गेली, दगड काढला आणि घरात निघून गेली.

मांजरसुंब्याच्या घाटात डोक्यात आलं की बंद केली असती तर काय बिघडलं असतं? जेवलो असतो, तिच्या हातचं. गाडी चालू झाली नसती तर मुक्काम पडला असता. सकाळी धक्का मारायला शहादेवचं सगळं घर होतं. ती आधी जेवायलाच बोलावत होती. लई वाईट वाटलं. मागे फिरावं म्हटलं, पण घाटात गाडी वळवायला जागा नसते. घाट संपल्यावर जागा होती. तोवर बीड आलं.

नोंद: नेकनूर ते गेवराई गाडी एकदाही बंद पडली नाही.

घरी पोचलो. चाकाला दगड लावायला कोणी नव्हतं. गाडी हळूच भिंतीला टेकवली आणि बंद केली.